जमिनीवर ठीक आढळलं

आमच्या घरातली दोन माणसं विमानावर पोट भरतात. मी ते उडवते आणि नवरा ते दुरुस्त करतो. उडवते म्हणजे अजून उजव्या खुर्चीतून. कॉकपिटमध्ये डावीकडे कॅप्टन बसतो आणि उजवीकडे त्याचा सहवैमानिक. काम दोघं आलटून पालटून करतात, पण शेवटचा शब्द डाव्या खुर्चीचा. गेली काही वर्षं माझा त्या खुर्चीवर डोळा आहे आणि हे मी कुणापासून लपवलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

नवरा ताडमाड उंच, म्हणून मी त्याला ताड म्हणते. मी इतकी बुटकी की भरतीच्या वेळी उंची मोजणाऱ्याने मला पट्टीखाली दोनदा उभं केलं होतं. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' असं कुणी कौतुकाने म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण हे म्हणणारा माणूस हमखास उंच असतो.

ताडाच्या कामात एक वाक्य फार चालतं. वैमानिकाने उतरल्यावर तक्रार नोंदवायची आणि इंजिनियरने तपासून उत्तर लिहायचं, असा रिवाज आहे. वैमानिक लिहितो, अमुक एक दिवा हवेत लुकलुकत होता. इंजिनियर तो दिवा लावतो, विझवतो, पुन्हा लावतो. दिवा शहाण्या मुलासारखा वागतो. मग उत्तर येतं: 'जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं.' यात खोटं काही नसतं. पण हवेत बिघडणारी वस्तू जमिनीवर का बिघडत नाही, याचं उत्तर त्यात नसतं, आणि मला लहानपणापासून नेमका त्या 'का'चाच सोस.

हे वाक्य आमच्या घरातही शिरलं आहे. कपडे धुण्याचं यंत्र मी एकटी असताना थयथयाट करतं. ताड येऊन बटण दाबतो तेव्हा ते गाईसारखं गरीब असतं. "ठीक आढळलं," असं म्हणून तो शिट्टी वाजवत निघून जातो.

"डॉक्टरच्या दारात गेलं की दुखणं पळतं, त्यातलाच प्रकार," सासूबाई म्हणतात. त्या आमच्याकडेच असतात आणि निवाडा देताना लेकाची बाजू घेत नाहीत. "पण दुखणं नव्हतं असं त्याने म्हणू नये."

तर या वाक्याशी माझं खरं भांडण जुंपलं ते यंत्रावरून नाही, माझ्या कानांवरून.

पहिल्यांदा झालं ते असं. आम्ही उतरत होतो आणि विमान माझ्याकडे होतं. उतरताना शेजारचा वैमानिक ठरावीक उंचीला आवाज देतो आणि विमान चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदाही आलं नाही तर चालवणारा माणूस शुद्धीवर नाही असं धरून विमान हातात घ्यायचं. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचले आहेत. फक्त त्या दिवशी शुद्धीवर नसलेली बाई मी होते. मी छान मजेत धावपट्टीकडे बघत होते आणि अचानक शेजारच्या कॅप्टनचा हात माझ्यासमोरून पुढे आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोनदा हाक मारली," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मारली नाहीत."

"मारली."

आमच्या डोक्यावर हेडफोन असतो, तोंडासमोर माइक. शेजारी बसलेल्या माणसाचा आवाजही त्यातूनच येतो, कारण वाऱ्याच्या घोंगाटात नुसतं बोललेलं नीट कळत नाही. मी हेडफोन ठोकून पाहिला. चाकं जमिनीला टेकली तेव्हा तर विमानतळावरच्या टॉवरचा आवाज खणखणीत येत होता.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा कॅप्टन दुसरा होता. टॉवरने सांगितलं, आहे त्या उंचीवर थांबा. त्याने ऐकलं आणि उत्तर दिलं. मी खाली जातच राहिले, मग त्याने माझा दंड धरून हलवला. खाली दुसरं विमान नव्हतं हे आमचं नशीब. तो माणूस सज्जन होता, ओरडला नाही. त्याने फक्त अहवाल लिहिला.

न ऐकलेली हाक आठवत नाही, ही यातली खरी पंचाईत. भांडायला निदान काहीतरी आठवावं लागतं. माझ्याकडे दोन्ही वेळचा एक शांत, रिकामा तुकडा होता, आणि त्या तुकड्यात समोरच्याला खात्रीने काहीतरी ऐकू आलं होतं.

दोन्ही वेळचं विमान एकच होतं, ते ताडाने तपासलं. आमच्या ताफ्यातलं ते सगळ्यात जुनं, आम्ही त्याला थोरली म्हणतो. हेडफोन बदलला, तो जोडायचं सॉकेट बदललं, उजव्या खुर्चीत बसून तासभर बडबड केली. ठीक आढळलं. मधल्या दिवसांत थोरली बाकीच्यांनी उडवली आणि कुणाचीही हाक हरवली नाही. मग कंपनीने मला कानांच्या डॉक्टरकडे पाठवलं. आवाज न येणाऱ्या खोलीत बसवून त्यांनी बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. कान उत्तम निघाले. माझे कानसुद्धा जमिनीवर ठीक आढळले.

हेडफोन ठीक, कान ठीक, मग उरतं ते दोन कानांच्या मधलं. डॉक्टर मऊ आवाजात विचारायला लागले, झोप येते का, घरी काही ताण आहे का. मी म्हटलं, घरी कपडे धुण्याचं यंत्र आहे. ते हसले नाहीत.

घरी ताडही मऊ आवाजात बोलायला लागला, ते मात्र मला सोसलं नाही.

"थोडी सुट्टी घे," एका सकाळी तो म्हणाला. "दमलेलं माणूस क्षणभर हरवतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"तुला वाटतं मी हरवले?"

"मी सगळं तपासलं गं. दोनदा तपासलं."

"तसं विचारलं नाही मी. तुला काय वाटतं?"

 चहाचा कप त्याने बशीत इतका हळू ठेवला की आवाजही झाला नाही. मला रडू आलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रडूच आलं, कारण त्या घटकेला मलाही तेच वाटत होतं. आपण खरंच हरवत असू तर मागे बसलेल्या माणसांचं काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. तो खरा निघाला असता तर मी डावी खुर्ची सोडाच, उजवीही आपण होऊन सोडली असती. पण आधी मला कळायला हवं होतं.

म्हणून मी एक युक्ती काढली. हेडफोन चालू असला की माइकमध्ये बोललेला आपला स्वतःचा आवाजही आपल्या कानात येतो. ते इतकं सवयीचं असतं की लक्षात येत नाही. मी ठरवलं, उतरताना आपण जे जे करतो ते तोंडाने म्हणत राहायचं, उंची, वेग, चाकं, आणि आपलाच आवाज ऐकत राहायचं. तो गेला तर बिघाड हेडफोनच्या वाटेत आहे. तो असूनही शेजाऱ्याची हाक चुकली, तर बिघाड माझ्यात आहे. दोन्हींपैकी काय निघतं याची मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर उत्सुकता जास्त होती.

माझ्या तपासणीची फेरी मास्तरांबरोबर ठरली. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात वडीलधारे कॅप्टन. कंपनीतल्या अर्ध्या वैमानिकांना त्यांनी शिकवलं आहे आणि अजूनही ते प्रश्न विचारतात तेव्हा हात पुढे करावासा वाटतो. त्यांच्या शब्दावर ठरणार होतं, मी डाव्या खुर्चीच्या शिक्षणाला जायचं की डॉक्टरांच्या आणखी खोल्यांमध्ये बसायचं. विमान मिळालं ते थोरली. पाळीपत्रक बघून मी चक्क टाळी वाजवली. सासूबाईंना वाटलं पगार वाढला.

त्या सकाळी गाडीत बसले तर नेहमीप्रमाणे खुर्ची पार मागे. आमच्याकडे गाडी एक आणि पाय दोन मापांचे. ताड चालवून येतो आणि खुर्ची मागे सोडून जातो, मला ती रोज पुढे ओढावी लागते. पुढे ओढली की कुठून तरी कुरकुर सुरू होते. ताडाला मी महिनाभर सांगत होते. तो गाडी फिरवून आणायचा आणि म्हणायचा, कुरकुर वगैरे काही नाही. त्या दिवशी वळणावर मला राहवलं नाही. गाडी कडेला घेतली आणि खुर्चीखाली हात घातला. घडीची छत्री निघाली. खुर्ची मागे असली की ती निवांत पडून राहायची, पुढे आली की सळई दांड्यात अडकून कुरकुरायची. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, काखेत कळसा नि गावाला वळसा. मी छत्री मागच्या सीटवर फेकली, ताडाला दाखवायला म्हणून.

विमानात चढण्याआधी मी मास्तरांना म्हटलं, "दोन्ही वेळा विमान हेच होतं."

"दोन्ही वेळा माणूसही तेच होतं," मास्तर म्हणाले. ते कुजकटपणे बोलत नाहीत, नुसतं बरोबर बोलतात, आणि ते जास्त लागतं.

"मी उत्तर दिलं नाही तर खांद्याला हात लावा. मला काही ऐकू येत नसेल तर मी लगेच सांगेन."

"आणि ऐकू येत नाही हे तुला कसं कळणार?"

मी युक्ती सांगितली. त्यांनी भुवया उंचावल्या आणि पट्टा बांधला.

जातानाची फेरी सुरळीत झाली, ती मास्तरांनी चालवली. परतीला विमान माझ्याकडे आलं. प्रवासी भरलेले, वर स्वच्छ ऊन, खाली आमच्या शहरावर ढगांची गादी आणि आडवा वारा. ढगात शिरायच्या आधी मी खुर्ची पुढे ओढली आणि एक घर, म्हणजे एक खाच, वर चढवली. हे मी फक्त उतरताना करते. उतरताना विमानाचं नाक वर असतं आणि माझ्या उंचीला नाकापलीकडची धावपट्टी दिसत नाही. बाकीच्यांना हे करावं लागत नाही, म्हणून मी ते गुपचूप उरकते.

मग मी माझी पोपटपंची सुरू केली. वेग इतका, उंची इतकी, चाकांना अजून वेळ आहे. माझा आवाज कानात गुणगुणत होता. मास्तर अधूनमधून टॉवरशी बोलत होते, तेही ऐकू येत होतं. ढगात विमान हलायला लागलं. मी दोन्ही पाय पेडलवर रोवून जरा पुढे सरसावले आणि म्हटलं, "वेग थोडा कमी करते."

वाक्याच्या मध्यावर माझा आवाज माझ्या कानातून निघून गेला.

तो फक्त कवटीच्या आतून येत होता, कानात बोटं घालून बोलल्यावर येतो तसा. बाहेर वाऱ्याचा घोंगाट होताच. तुम्ही नुसते ऐकत बसला असतात तर काही बिघडलंय असं कळलंही नसतं. मला जे पहिल्यांदा वाटलं ते सांगते, लाज वाटली तरी. मला आनंद झाला. ढगाच्या पोटात, आडव्या वाऱ्यात, मागे भरलेलं विमान असताना मला आनंद झाला की मी वेडी नाही.

आनंद बाजूला ठेवायला शिकवलेलं असतं. मी मोठ्याने म्हटलं, "मला हेडफोनमधून काही ऐकू येत नाही. कंट्रोल तुमच्याकडे." आणि बोट कानाकडे नेऊन आडवं हलवलं.

मास्तरांचे हात आधीच पोचले होते. त्यांचे ओठ हलले, "कंट्रोल माझ्याकडे," आणि मी दोन्ही हात वर उचलून दाखवले. त्यांनी विमान सरळ केलं, उतरणं सोडून वर घेतलं आणि टॉवरकडे चक्कर मारायला जागा मागितली. घाईने उतरायचं कारण नव्हतं. विमान उत्तम उडत होतं, त्यातली एक बाई तेवढी बहिरी झाली होती.

ढगांवर पुन्हा ऊन लागलं. चकरा मारता मारता मी बिघाड झाल्यावर काय करायचं त्या पुस्तकातलं पान उघडलं आणि एकेक पायरी मास्तरांना दाखवत गेले. आवाजाची बटणं पाहिली. जादा हेडफोन काढून जोडला, तोही मुका. म्हणजे दोष हेडफोनचा नाही, तिथपर्यंत येणाऱ्या वाटेचा. डोक्यावरचा छोटा स्पीकर लावला, त्यातून टॉवरचं बोलणं येत होतं. पण मास्तरांचं बोलणं त्यात येत नाही, आणि माझ्या माइकवरून काही बाहेर जात नव्हतं. मग आम्ही खुणा ठरवल्या. विमान ते चालवणार, टॉवरशीही तेच बोलणार. मी आकडे बघणार आणि ओरडून सांगणार. अंगठा वर म्हणजे बरोबर, मूठ म्हणजे उतरणं सोडा आणि वर चला. मागच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी सांगितलं, थोडा उशीर होईल, काळजीचं कारण नाही.

हे सगळं करता करता माझ्या डोक्यात ती छत्री आली.

खुर्ची पुढे आली की कुरकुर. मागे गेली की ठीक आढळलं.

उतरल्यावर आम्ही काय करतो? इंजिन बंद झालं की खुर्ची पार मागे सरकवून बाहेर पडतो. त्याशिवाय पाय निघतच नाही, आणि पुढच्या माणसासाठी खुर्ची मागे सोडून जाणं ही आमच्यातली सभ्यता आहे. मग ताड येतो. मागे सरकवलेल्या खुर्चीत बसतो आणि बडबड करतो. त्याच्या गुडघ्यांना ती खुर्ची पुढे घेणं शक्यच नाही. बाकीचे वैमानिकही सगळे माझ्याहून उंच. त्या विमानात त्या जागेवर बसणारी जगात मी एकटीच होते, आणि मी उठले की ती जागा नाहीशी होत होती.

माझा हात खुर्ची सरकवायच्या दांड्यावर गेला. एकच घर मागे घ्यायची होती. एकच. आवाज आला तर कळलंच. महिनाभर ज्या 'का'ने मला झोपू दिलं नव्हतं तो तिथे माझ्या उजव्या मांडीशी बसला होता आणि त्याला बोट लावलं की उत्तर मिळणार होतं. इतकी ओढ मला कधी चोरून खाऊ खातानाही वाटली नव्हती.

मी हात काढून मांडीवर ठेवला. तिथे तार आहे, दबते आहे, एवढंच मला वाटत होतं. ती कसली, तिच्या शेजारी आणखी कुठली, हे माहीत नव्हतं. मास्तरांच्या हेडफोनची तारही त्याच जुडग्यात असली तर? ठिणगी पडली तर? चालू विमानात जे बिघडून स्थिर झालंय त्याला डिवचायचं नाही. मी पट्टा घट्ट केला आणि अंगठा वर केला.

मास्तरांनी छान उतरवलं. आडव्या वाऱ्यात थोरली जरा वाकडी चालत आली आणि शेवटच्या क्षणी सरळ झाली. मी वेग ओरडत होते, उंची ओरडत होते, माझा घसा बसला. चाकं टेकली. या वेळी आवाज परत आला नाही. पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.

विमान जागेवर उभं राहिलं, इंजिनं थांबली. मास्तरांनी हेडफोन काढला, खुर्ची मागे सरकवली आणि उठले. मी हलले नाही.

"चल," ते म्हणाले.

"मी उठणार नाही."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय बघत आहेत. खुर्चीला चिकटून बसलेली, बसलेल्या घशाची, डोळे वटारलेली बाई, जिच्याबद्दल अहवालात लिहायचं आहे.

"विमानाची वीज चालू राहू द्या आणि इंजिनियरला वर बोलवा," मी म्हटलं. "तो येईपर्यंत ही खुर्ची कुणी हलवायची नाही. मी उठले की हे पुन्हा ठीक होईल आणि थोरली संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबर जाईल."

ते रेडिओकडे वळले.

मागे प्रवासी उतरत होते. कुणीतरी हसलं, एक मूल मोठ्याने चाकांबद्दल विचारत होतं. मग सफाईवाल्या बाई आल्या, दारातून डोकावल्या, मला तिथेच बघून "बसा बसा" म्हणाल्या आणि माझ्याभोवतीने पुसून गेल्या. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मी बोटसुद्धा हलवलं नाही.

ताड दारातून वाकून आत आला.

"काय गं, बरी आहेस ना?" त्याचा तोच मऊ आवाज. "मागे हो, बघू दे मला."

"मागे होणार नाही. तू मास्तरांचा हेडफोन लाव."

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. त्याने हेडफोन लावला.

"मी बोलतेय," मी माझ्या माइकमध्ये म्हटलं. "कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल बोलतेय. काही ऐकू येतंय?"

ताडाने हेडफोन कानावर दाबला आणि नाही म्हणून मान हलवली. मी खुर्चीचा दांडा उचलला आणि एक घर मागे गेले. अवघं एक घर.

"आणि आता?" मी म्हटलं. माझा आवाज माझ्या कानात भरून आला, ओळखीचं माणूस दारात दिसावं तसा.

ताड दचकला. मी पुढे गेले, आवाज गेला. मागे आले, आवाज आला. तो म्हणाला, "पुन्हा कर." मग म्हणाला, "अजून एकदा." त्यानंतर मास्तर म्हणाले, "बघू, मला ऐकू दे," आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला. आम्ही तिघं बराच वेळ ते करत राहिलो. नवं खेळणं मिळाल्यावर करतात तसं.

मग मी उठले. ताड टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झाला. त्याचे पाय दाराबाहेर राहिले. खुर्चीच्या बाजूचं झाकण त्याने उघडलं. मागच्या मोठ्या दुरुस्तीत कुणीतरी तारांचं जुडगं पट्टीने बांधताना एक भोक खाली बांधलं होतं. खुर्ची अगदी पुढे आणि वर असेल तरच तिचा कोपरा झाकणाला रेटत होता, झाकण तारेला. तार रोज थोडी थोडी झिजत आली होती. आधी क्षणभर सुटायची, आता पुरती सुटली होती. शेजारच्या तारेचंही साल निघालं होतं.

"ही कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

"डाव्या बाजूची," ताड खालून म्हणाला. "तुमच्या हेडफोनची. तांबं दिसतंय."

मास्तर माझ्याकडे वळले.

"हवेत असताना तुझा हात त्या दांड्यावर गेला होता."

"गेला होता," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "फार इच्छा झाली होती."

"मग?"

"मग कुठली तार आहे ते माहीत नव्हतं."

"हं," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

ताडाने नवी तार टाकली, पट्टी योग्य भोकात बांधली, झाकण लावलं. तोपर्यंत बाहेरचा वारा पडला होता. मास्तरांना घरी जाता आलं असतं, पण ते गेले नाहीत. आता तपासणी बाकी होती. ताड उजव्या खुर्चीत बसला, आणि मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने दांडा उचलला आणि खुर्ची पुढे ओढली. गुडघे पॅनलला लागले, तरी ओढली. मग वर चढवली. माझ्या जागेवर तो पूर्ण घडी होऊन बसला, डोकं छताला, गुडघे हनुवटीला, आणि तसाच मान वळवून माझ्याकडे बघायला लागला.

"इथून बघितलंच नव्हतं मी," तो म्हणाला. "तुझे कान तपासून झाले, पण इथे बसून नाही बघितलं. चुकलं माझं."

"खूप चुकलं," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले आणि या वेळी त्यांना अडवायचं मला काही कारण दिसलं नाही.

"दुसऱ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं," ताड म्हणाला.

मी मास्तरांकडे पाहिलं. डावी खुर्ची त्यांच्याच मागे रिकामी होती. ते बाजूला झाले.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. खुर्ची अर्थातच पार मागे होती. पाय पेडलला पोचत नव्हते. मी घाईने तशीच हेडफोनकडे वाकले, तेव्हा मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आधी नीट पुढे घे," ते म्हणाले. "उंची बसव. उगाच घाई करू नकोस. इथे आता रोज बसायचंय तुला."

मी दांडा उचलला आणि खुर्ची पुढे घेतली, एकेक घर, जिथवर मला लागते तिथवर. नाकापलीकडे सगळा विमानतळ दिसायला लागला. मग हेडफोन लावला आणि ताडाला विचारलं, ऐकू येतंय का.

"येतंय," तो म्हणाला.